डायरी तुमच्या खिशात राहिली, बापू

प्रिय बापू,

हे पत्र लिहायचं कारण एकच आहे. डायरी तुमच्याकडं आहे आणि ती मला आत्ता हवी आहे.

दोन वर्षांपूर्वी वहिनींनी ती तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पंचशील म्हणून झालं होतं, माणसं तुम्हाला उचलायला वाकली होती, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “थांबा जरा. ह्येंची डायरी ऱ्हायली.” आतून ती निळ्या रेक्झिनची, दोन रबरबँड लावलेली वही घेऊन आल्या आणि एवढ्या गर्दीत त्यांनी माझ्याकडं बघितलं. का? तर त्यातल्या त्यात शिकलेला मी! “लागंल का वं भावजी ही कुणाला? खिशात नसली की ह्येंना चैन पडत न्हवतं.”

आणि मी काय बोललो, आठवतं? तुम्हाला कसं आठवणार म्हणा. मी म्हणालो, “ठेवा वहिनी. सगळं वेबसाईटवर आहे.”

तुम्ही परलोक-बिरलोक काही मानत नव्हता. गेला माणूस तो गेला, मास्तर, त्याचा पत्ता नसतो, असं मला कितीदा सुनावलंत. म्हणजे हे पत्र पोचणार नाही, हे मला तुमच्याच शिकवणीनं ठाऊक आहे. तरी लिहितोय. भ्यालेला माणूस विवेकवादी राहत नाही, बापू. मी तर धड होतोच कधी?

मी दवाखान्यात आहे. ऑपरेशन थिएटरसमोरच्या बाकावर. रेवती आत आहे. तीच रेवती, जिला तुम्ही स्टँडवरच्या कंट्रोल केबिनमध्ये टेबलावर उभी करून माइकवर “पन्हाळा, फलाट तीन” म्हणायला लावलं होतंत आणि तीन नंबरऐवजी सगळे प्रवासी हसत केबिनकडं आले होते. ती आता एकतीस वर्षांची आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. तिची वार गर्भपिशवीच्या तोंडाशी, खाली आहे. रक्त फार जाऊ शकतं, असं डॉक्टर म्हणालेत. ‘शकतं’ हा शब्द डॉक्टर किती हळू म्हणतात!

दुपारचे अडीच वाजलेत. तिला आत नेऊन वीस मिनिटं झाली. तिची आई आणि जावई खिडकीपाशी उभे आहेत. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, कारण बोललो तर तेच बोलू. मी आपला सोनोग्राफीच्या पाकिटाच्या पाठीवर लिहितोय.

रेवतीचा रक्तगट ओ निगेटिव्ह. माझं रक्त बी पॉझिटिव्ह, म्हणजे आज ते माझ्या लेखांइतकंच उपयोगाचं.

बापू, तुमच्या त्या डायरीची मी किती टिंगल केली! एसटीतला वाहतूक नियंत्रक माणूस, काम काय तर गाड्या सोडायच्या आणि पुकारायच्या. पण तुम्ही जिल्ह्यातल्या रक्ताचंही वेळापत्रक बांधलं होतंत. कुणाचा गट कोणता, तो कोणत्या गावचा, आणि निरोप मिळाल्यावर कोणत्या पहिल्या गाडीनं कोल्हापुरात पोचेल. “नाव घिऊन काय करायचं, मास्तर? मानूस येनार गाडीनं. गाडी ठावं पायजे.” मी सदरात लिहिलं होतं, बापूंच्या डायरीत माणसं वर्णानुक्रमानं नसतात, गाडीनुक्रमानं असतात. लोक हसले. तुम्हीही हसलात. ते कात्रण केबिनच्या काचेवर चिकटवलंत.

आणि अगदीच निकड असली की तुम्ही सरळ माइक घ्यायचात. “मलकापूरमार्गे रत्नागिरी, फलाट पाच. आनि ओ निगेटिव्ह रगताच्या पावण्यांनी कंट्रोलकडं या. गाडी थांबवून धरली हाय.” गाडी थांबवून धरायचात! कोणत्या नियमात होतं ते?

एकदा एका रोग्याचे नातेवाईक केबिनशी येऊन खालच्या आवाजात विचारत होते, “रक्त कुणाचं आहे म्हणायचं?” मी तिथं चहा पीत होतो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “ओ निगेटिव्हचं.” त्यांनी पुन्हा विचारलं, तसं नव्हे, म्हणजे माणूस कुणातला? तुम्ही पुन्हा म्हणालात, “ओ निगेटिव्हातला.” त्या सात अक्षरांत जे होतं, ते माझ्या वीस वर्षांच्या सदरात कुठं आहे? सांगा की.

पण शहाणपणा मला सुचला.

नवं शतक लागून दोनेक वर्षं झाली होती. शाहूपुरीत इंटरनेट कॅफे निघाले होते आणि मी नुकतंच धर्मांतर केल्यासारखा बोलत सुटलो होतो. संगणक विकत घ्यायला नको, सांभाळायला नको, कशाला काही नको! तिकडं लांब कुणाच्या तरी मोठ्या यंत्रावर आपलं सगळं ठेवायचं, आपल्याकडं फक्त पासवर्ड. पत्ते तिथं, पत्रं तिथं, वाढदिवस तिथं. आठवण करून द्यायचं कामसुद्धा तेच करणार. मी माझे लेख तिथं ठेवले, विद्यार्थ्यांचे गुण ठेवले, हिच्या वाढदिवसाची तारीखसुद्धा तिथं ठेवली. आणि खरं सांगतो, त्यानंतर ती माझ्या डोक्यातून गेली. भांड्यांना बाई, कपड्यांना धोबी, तसं लक्षात ठेवायला वेबसाईट. घरात लक्षात ठेवणारं माणूस उरलं नाही, याचा केवढा आनंद!

“बापू, ही डायरी एखाद्या गाडीत राहिली तर?” मी म्हणालो.

“ऱ्हाईल कशी? खिशात असत्या.”

“खिसा कापला तर? पाऊस लागला तर? तुम्ही काय कायमचे आहात का?”

हे शेवटचं मी बोललो, हो ना?  तुम्ही म्हणालात, “त्ये बी खरंच.” मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मग तुम्ही आणि वहिनी दोघं रोज संध्याकाळी त्या कॅफेत जाऊन बसायला लागलात. वहिनी डायरीतून वाचणार, तुम्ही मी दाखवलेल्या रक्तदात्यांच्या वेबसाईटवर एका बोटानं टाइप करणार. मी एकदा डोकावलो, तर तुम्ही ‘एन’ हे अक्षर शोधत होतात आणि वहिनी म्हणत होत्या, “आवो, हितंच कुटंतरी हुतं की मगाशी!” मी पाच मिनिटं हसलो आणि निघून गेलो. लेख द्यायचा होता ना! बसलो असतो तर? एक संध्याकाळ बसलो असतो तर?

काम संपल्यावर तुम्ही म्हणालात, “मास्तर, एक बरं हाय बगा तुमच्या त्या फारमात. जातीचा रकाना न्हाय.” आणि एका कागदावर पासवर्ड लिहून मला दिलात. “माझं काय झालं तर ह्यो तुमच्याकडं.” मी तो पाकिटात घातला. किती जपून घातला! नंतर सहा वर्षं तो तिथंच होता. पाकीट बदललं, तेव्हासुद्धा मी तो नव्या पाकिटात हलवला.

तुम्ही गेलात आणि तीन महिन्यांनी मला तुमची ईमेल आली.

भर दुपारी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. पाठवणार, बापू कांबळे. इंग्रजीत. प्रिय मित्रा, तू रक्त देऊन तीन महिने झाले, आता तू पुन्हा देऊ शकतोस, तुझा बापू. हातातला चहा सांडला माझ्या. जिवंतपणी तुम्ही माझ्याशी इंग्रजीत कधी बोलला नव्हता हो! मग उमगलं, तो निरोप ते यंत्र आपोआप धाडतं. तुम्हीच कधीतरी माझं नाव यादीत घालून ‘होय’ दाबून ठेवलं असणार. त्याला तुम्ही गेल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचा रकानाच नव्हता.

दर तीन महिन्यांनी येते ती. नेमानं येते. मेलेल्या माणसाचं नाव वापरून माणसं बोलवायची, हा काय प्रकार, असा एक झणझणीत लेख मी मनात लिहूनही ठेवला होता. त्या लेखाचं पुढं काय झालं ते सांगतोच.

आठ दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले, “चार दाते तयार ठेवा. पेढीत ओ निगेटिव्ह असेलच, असं मी सांगू शकत नाही.” हिचा चेहरा पांढरा पडला. आणि मी, बापू, मी हसलो. “काळजी करू नका डॉक्टर, आपल्याकडं यादी आहे.” खिशातून तो कागद असा काढला, जसा काही मी सहा वर्षं याच क्षणासाठी जगत होतो.

घरी आलो, पासवर्ड टाकला. उघडलं! सगळं जागच्या जागी. ओ निगेटिव्ह, नऊ नावं. छापून घेतली. फोनजवळ बसलो.

पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसऱ्यावर एक बाई म्हणाल्या, ते आता पुण्याला असतात आणि त्यांना साखर झाली आहे.  तिसरा लावला.

“हालो, कोन पायजे?”

“शंकर आहेत का? मलकापूरचे?”

“हितं कोन शंकर न्हाय.” फोन ठेवला.

चौथा लावला. पलीकडं कुणीतरी उचलला.

“हालो?”

“आशाताई आहेत का? बांबवड्याच्या?”

“आवो पावणं, मगाशी बी तुमीच का? हितं आशाबी न्हाय आन शंकरबी न्हाय. ह्ये कांबळ्यांचं घर हाय.”

मी कागदाकडं बघितलं. इतका वेळ मी एकेका नावापुढचा नंबर बोटानं धरून फिरवत होतो, खाली बघितलंच नव्हतं. तिसऱ्या नावापासून नवव्या नावापर्यंत, सातही नावांपुढं तोच नंबर होता. एकाखाली एक. जसा कुणी ठसा मारत गेलाय.

“वहिनी?” मी म्हणालो.

“आगं बया, इलासभावजी! आवाज का असा यायला लागलाय तुमचा?”

तुमच्या घरी मी कधी फोनच केला नव्हता, बापू. लागायचाच नाही करायला. स्टँडवर आलं की तुम्ही होतातच. मी वहिनींना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, “त्या फारमात फोन नंबर घातल्याबिगर म्होरं जाईना. लाल अक्षरं यायची. आन ह्या लोकांच्यात कुटला आलाय फोन तवा? मी म्हनलं, मोकळं सोडा. ह्ये म्हनले, सोडू दिना झालंय. मग आपलाच घातला. मी म्हनलं, आवो आपला कसा? तर म्हनले, मी हाय की!”

मी हाय की.

बापू, असं कसं केलंत हो? रागावतोय मी, हो, आज रागावतोय! निरोप कुठं ठेवायचा, गाडी कोणती, कुणाच्या आईला कळू द्यायचं नाही, सगळं तुमच्या डोक्यात आणि खिशात. यंत्रानं विचारलं, या माणसापर्यंत पोचायचं कसं? तुम्ही उत्तर दिलंत, माझ्यातून. उत्तर बरोबरच होतं. पण तुम्ही काय कायमचे होतात का?

हे वाक्य मी दुसऱ्यांदा म्हणतोय, हे मला समजतंय.

वहिनी पुढं जे म्हणाल्या, त्यानं मला अजून धड झोप नाही. “दोन वर्सं ह्यो फोन वाजतोय भावजी. बापू हायत का, रगत पायजे हुतं. मी सांगते, ह्ये गेले. मग लोक ‘आरारा’ म्हनत्यात आन ठेवून देत्यात.”

किती जणांनी ठेवला असेल? त्यांचं पुढं काय झालं? पासवर्ड माझ्या पाकिटात होता, बापू. मी तो दोन वर्षांत एकदाही उघडून बघितला नाही. उघडला कधी? माझ्या लेकीची पाळी आली तेव्हा.

एक मात्र तुम्ही त्या फॉर्मला फसवलं होतंत. नावाच्या रकान्यात तुम्ही नुसतं नाव घातलं नव्हतं. ‘शंकर मलकापूर ६.४०’. ‘आशा बांबवडे ७.१५’. ‘गुरुजी पन्हाळा ८’. त्या यंत्राला वाटलं असेल, इकडच्या लोकांची आडनावंच अशी असतात! माझ्या मात्र ते वाचून पहिल्यांदा जिवात जीव आला. गाडी ठाऊक होती.

वहिनींना तिघांचं आठवत होतं, वाचून दाखवलं होतं ना त्यांनीच. बाकीच्यांसाठी मी पाच-सहा दिवस जिल्हा पालथा घातला. मी, जो रिक्षाशिवाय महाद्वाराकडं जात नाही! पन्हाळ्याला आठच्या गाडीचा थांबा गाठून विचारत फिरलो, गुरुजी कोण? तिथं तीन गुरुजी निघाले. तिसरे आपले. म्हणाले, “बापूंनी धाडलं का?” मी ‘हो’ही म्हणालो नाही, ‘नाही’ही म्हणालो नाही. ते चप्पल घालूनच बाहेर आले. आशाताईंना शोधलं, त्या अंगणवाडीत होत्या. एक जण आता साठीपार गेलेला. एक जण देवाघरी. एकाचं घरच सापडलं नाही. आणि एकाच्या नावापुढं लिहिलं होतं ‘चालत’. वहिनी म्हणाल्या, तो शाहूपुरीतला पट्टे-बेअरिंगच्या दुकानवाला. बापू, त्याच्या दुकानावरून मी बावीस वर्षं रोज कॉलेजला जातोय!

तिघांनी परवा येऊन रक्त दिलं. उरला मलकापूरचा शंकर. चौथा.

त्याच्याकडं जायला मला वेळच उरला नव्हता, रेवतीला कालच भरती केलं होतं. वहिनी म्हणाल्या, “तितं ष्ट्यांडासमोर च्याचं दुकान हाय. ह्ये चिट्टी धाडायचे डायवरबरोबर. तुमीबी धाडा की.”

काल संध्याकाळी स्टँडवर गेलो. तुमच्या केबिनमध्ये आता दुसरा माणूस आहे आणि माइकवर कुणीतरी आधीच भरून ठेवलेला बाईचा आवाज. मलकापूरची गाडी लागली होती. खिशातून कागद काढला आणि लिहायला लागलो. ‘शंकर, ओ निगेटिव्ह पाहिजे. उद्या ६.४० नं ये.’ खाली नाव घालायचं होतं.

माझं नाव घातलं तर कोण येणार? विचार करा ना! विलास नावाचा कुणी मास्तर, सदर लिहितो, जगाची टवाळी करतो, त्याच्यासाठी पहाटे उठून पन्नास किलोमीटर कोण येईल? मी फार वेळ उभा राहिलो. ड्रायव्हर गाडीत चढला. मी भ्यालो. आणि लिहिलं, ‘बापू’.

ज्यावर लेख लिहिणार होतो, मी पण तेच केलं. ते यंत्र तरी अडाणी होतं, त्याला तुम्ही गेल्याचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी खांदा दिला होता.

ड्रायव्हर जुना होता, पिकल्या मिशांचा. चिठ्ठी घेतली, वाचली, खालचं नाव वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. तुम्ही गेलात हे त्याला ठाऊक होतं, बापू. चांगलंच ठाऊक होतं. मला वाटलं, आता हा चारचौघांत माझी लाज काढणार.

“कोन हाय आजारी?” एवढंच विचारलं त्यानं.

“मुलगी.”

त्यानं चिठ्ठीची घडी घातली, टोपीत ठेवली आणि गाडी काढली.

त्यानंतरचे तास कसे गेले? ईमेल धाडली की निदान ‘पाठवली’ असं तरी दिसतं. टोपीतल्या चिठ्ठीचं काय? दुकान बंद असेल, चहावाला बदलला असेल, शंकर मुंबईला गेला असेल. पोचली की नाही, हे कळायची काही सोय नव्हती. तीस वर्षं तुम्ही असे कसे निर्धास्त बसायचात केबिनमध्ये, चहा पीत? की तुम्हालाही अशीच धास्ती असायची, आणि आम्ही कधी विचारलंच नाही?

आज सकाळी आठपासून फलाटावर उभा होतो. गाडी आली. मी उतरणाऱ्यांची तोंडं बघत होतो, जणू काही ओ निगेटिव्ह तोंडावर लिहिलेलं असतं. दुधाचा कॅन घेतलेला एक, शाळेच्या दोन पोरी, एक म्हातारी. सगळ्यांच्या शेवटी एक उंच, हाडकुळा माणूस उतरला. पांढरा लेंगा, गळ्यात दोरीला लटकवलेला मोबाईल. मोबाईल, बापू! सहा वर्षांत ते कुणी त्या यादीला सांगितलंच नव्हतं. हातात माझी चिठ्ठी. तो तडक केबिनकडं गेला, काचेतून आत डोकावला, आणि मागं वळून इकडंतिकडं बघायला लागला.

मी जवळ गेलो. “शंकर का?”

“व्हय. बापू कुटं हाईत?”

मी काय सांगणार होतो? स्टँडवर केवढा आवाज होता, त्या भरलेल्या आवाजातल्या बाई कुठल्याशा गाडीबद्दल काही सांगत होत्या, आणि मला वाटलं, आता हा चिठ्ठी फाडून परतीच्या गाडीत बसणार. त्याचा हक्कच होता तो. एक क्षण मनात आलं, खोटं बोलावं. घरी आहेत म्हणावं, बरं नाही म्हणावं, आधी रक्त घ्यावं आणि मग सांगावं. बापू, मी हेही मनात आणलं. तुमच्यापासून काय लपवायचं?

“बापू गेले,” मी म्हणालो. “दोन वर्षं झाली.”

त्यानं हातातल्या कागदाकडं बघितलं. “मग ही कुनी लिवली?”

“मी.”

“मग तुमचं नाव घालायचं की!” केवढ्यानं ओरडला तो! पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. “मी काय नावाला रगत देतो व्हय? तुमचं नाव असतं तरी आलो असतो की!” आणि मग, एकदम खाली बसला तिथंच, कठड्यावर. “गेलं व्हय बापू. कुनी सांगितलंबी न्हाय.”

कुणी सांगितलं नाही. तो आणि त्याच्यासारखे किती जण असतील, ज्यांच्या लेखी तुम्ही अजून केबिनमध्ये बसलेले आहात! कुणी सांगणार? यादी माझ्याकडं होती.

त्यानं डोळे पुसले, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. “चला. कुटं जायाचं?” रक्तपेढीत साडेआठला पोचलो. तपासायला चार तास लागले. एक वाजता बाटली वर आली. चार झाल्या.

आता तीन वाजून गेलेत, बापू. मघाशी एक सिस्टर पळत बाहेर आली, रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन पळत आत गेली. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ही खिडकीपासून माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझा डावा हात धरला. म्हणून अक्षर असं. त्या पिशव्या गुरुजींच्या होत्या का आशाताईंच्या? शंकर गेला नाही अजून. खाली पायरीवर बसलाय. “खाऊनच जा,” म्हटलं तर म्हणाला, “ऐकून जातो की.”

मला भीती वाटते. जे काही आत चाललंय, त्याची वाटते. ती टाळता येत नाही. पण तिच्या मागं एक दुसरी भीती बसलीय, की हे सगळं माझ्या हातात होतं आणि मी ते एका पासवर्डात घडी घालून ठेवलं.

तर आता ऐका. डायरी तुमच्या खिशात राहू दे, ती तुमची. मी दुसरी आणलीय, येताना शाहूपुरीतून, निळी मिळाली नाही, तपकिरी आहे. पहिल्या पानावर शंकरचा मोबाईल नंबर लिहिलाय आणि त्यापुढं ६.४०. त्या नवांपैकी जे आहेत त्यांच्याकडं मी स्वतः जाईन, आणि बाकीच्या गटांच्या सगळ्यांकडं, एकेका गाडीनं. तुम्ही गेलात हे प्रत्येकाला तोंडानं सांगेन. त्या वेबसाईटवरही यादी ठेवीन, ती काही पापी नाही. पण तुमच्या नावानं निघणारी ती इंग्रजी पत्रं आजच बंद करीन. वहिनींना सांगेन, फोन वाजला की माझा नंबर द्या. ज्याच्याकडं अजून फोन नाही, त्याच्यापुढं माझा घालीन. आणि चिठ्ठी धाडली, तर खाली नाव माझं घालीन. हे वचन आहे. रेवतीचं आत काहीही होवो, तरी आहे. हे वाक्य लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं.

दार उघडलंय. सिस्टर आलीय. मास्क तोंडावरच आहे, त्यामुळं काही कळत नाही. ती विचारतेय, “रेवतीच्या जवळचं कोन हाय हितं?”

उठतो, बापू. मी हाय की.

तुमचा,
विलास